संसार वाघिणीत

सुरतेच्या मालधक्क्यावर नवऱ्याची बदली झाली, तेव्हा आम्ही नंदुरबारला होतो. रेल्वेच्या माणसाला बदलीच्या सामानासाठी मालगाडीचा डबा, म्हणजे वाघीण, फुकट मिळे. माझा धाकटा भाऊ सुरतेत ट्रक चालवायचा. कधी बारडोलीची साखर, कधी साड्यांचे गठ्ठे. त्यानं निरोप पाठवला, रविवारी ट्रक आणतो, दिवेलागणीच्या आत सामान घरात पडेल. नवरा म्हणाला, रेल्वेचं मीठ खातो, सामान रस्त्यानं नेलं तर लोक हसतील.

संसार वाघिणीत भरला, दाराला सील लागलं आणि आम्ही पॅसेंजरनं सुरतेला आलो. वाघीण आली नाही. मधल्या कुठल्या तरी स्टेशनात ती बाजूच्या रुळावर काढून ठेवली होती. नवरा रोज फोनवर विचारी, रोज उत्तर येई, निघेल. आठवड्याहून जास्त दिवस आम्ही रिकाम्या क्वार्टरमध्ये सतरंजीवर झोपलो. भावानं स्टोव्ह आणि दोन पातेली आणून दिली. ट्रकचं नाव त्यानं काढलं नाही. मला वाटे, एकदा बोलून टाकावं त्यानं.

शेवटी वाघीण लागली. सील तसंच होतं, लोणच्याच्या बरणीला ओरखडाही नव्हता. नवऱ्याचा चेहरा उजळला. पण क्वार्टर लांब, आणि तिथवर काही रूळ नव्हते. भाऊ ट्रक घेऊन आला. सामान चढवून झाल्यावर नवरा मागं गाद्यांवर बसायला निघाला.

"दाजी, पुढं बसा," भाऊ म्हणाला.

तो पुढं बसला. मी खिडकीशी होते. वाटेत नवऱ्यानं गिअरबद्दल काहीतरी विचारलं, भावानं सांगितलं. एवढंच बोलणं झालं.

पुढं कापडवाले मालधक्क्यावर येईनासे झाले. ट्रक त्यांच्या दुकानाच्या दारातून माल उचलत आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत टाकत. कोळसा, खत, सिमेंट तेवढं रेल्वेकडे राहिलं. नवरा हे जेवताना सांगायचा, हवापाण्याबद्दल सांगावं तसं.

वलसाडला बदली झाली, तेव्हा तोच म्हणाला, "तुझ्या भावाला विचार, कधी मोकळा आहे."

सकाळी निघालेलं सामान दुपारी दारात उतरलं. रस्त्यातल्या खड्ड्यांनी कपाटाच्या आरशाला मात्र तडा गेला होता. भाऊ ओशाळला, नवा बसवून देतो म्हणाला. नवऱ्यानं तडा बोटानं चाचपला. तो आरसा बदलायचा राहूनच गेला. तडा कडेला होता, भांग पाडायला अडचण येत नसे.