सगळ्या गावांचा भाचा

निजामी गेल्यावर आमचा मुलूख कोणत्या राज्यात राहणार, याचा घोळ बरीच वर्षं चालला. हुतूतूच्या मैदानावर मात्र असला घोळ एका वाक्यात मिटायचा. जत्रेत गावचाच गडी खेळवायचा असा नियम होता, म्हणून बाहेरून आणलेल्या गड्याला पाटील आपला भाचा म्हणून उभा करत. आसपासच्या जत्रांत पंच मी, शाळामास्तर. पाटलाला बहिणी किती, हे विचारणं काही माझं काम नव्हतं.

असा एक गडी दर जत्रेत वेगळ्या गावाकडून खेळायचा. तो आला की फेटा सोडता सोडता विचारायचा, "मास्तर, आज मी कुनाचा भाचा हाय?"

मी सांगायचो. मग तो खरोखर त्या मामाच्या पाया पडायचा, वर मामीसाठी आणलेल्या बांगड्या घरात पाठवायचा. खोट्या नात्यात इतका खरेपणा बघून मलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

असा दोन-तीन हंगाम खेळला. मग सोनपेठजवळच्या एका जत्रेत पाच जण छातीवर बसले, तरी त्यानं दम सोडला नाही. रेषेला बोट लावून सामना जिंकून दिला आणि तो उठलाच नाही. पंचविशीसुद्धा गाठली नव्हती. मामानं आधी गुलाल उधळला, मग खाली बघितलं.

"लय मोठा गडी व्हता," पाटील म्हणाले, "पर पाव्हना मानूस. त्याच्या गावाला न्या त्याला."

गाडीवानानं बैल जुंपले. "कोन्त्या गावाला न्यायचं?"

जत्रेला जमलेले त्याचे सगळे मामा एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले.