सात नंबरचा सूट

मी कपड्यांची बाई आहे. कपडा ओला असेल तर पाणी कुठून तरी आलेलं असतं — याच्यापलीकडे माझा कशावर विश्वास नव्हता. या सदरातले भुताखेतांचे अनुभव वाचून मी नवऱ्याला म्हणायचे, "या लोकांना आधी बीपी तपासायला सांगा." आता स्वतःच लिहायला बसले आहे, तेव्हा हसायचं त्यांनी हसावं.

बेंगळुरूत चोवीस वर्षं झाली. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, मी सिनेमाच्या कॉस्च्युम विभागात. एका अवाढव्य सायन्स फिक्शन सिनेमाच्या दुसऱ्या भागाचं शूटिंग सुरू झालं, तेव्हाची गोष्ट. देवनहळ्ळीच्या पुढे, पूर्वी द्राक्षमळा होता तिथे पत्र्याची शेड आणि आत अख्खं अंतराळयान. पहिल्या भागाचे स्पेससूट माझ्याच ताब्यात होते. तेच पुन्हा वापरायचे होते.

सात नंबरचा सूट मंजण्णाचा. मंजण्णा हीरोचा डुप्लिकेट, राहायला येलहंक्याला. पहिल्या भागाच्या वेळी एप्रिलच्या दुपारी तो या सूटमध्ये कोसळला आणि हॉस्पिटलला पोहोचेपर्यंत संपला. हेल्मेटमध्ये हवा सोडणारा एक छोटा फॅन असतो, तो बंद होता. मला सकाळीच कळलं होतं, मी सांगितलंही होतं. "एकच शॉट आहे, मॅडम," असं उत्तर मिळालं. नंतर कंपनीने कागद पुढे केला — फॅन चालू होता म्हणून. मी सही केली. त्याच्या बायकोला, शोभाला, 'हार्टचा जुना त्रास' असं सांगून वाटेला लावलं. आणि दुसऱ्या भागाचं काम मला न मागता मिळालं.

सूट एका कंटेनरमध्ये टांगलेले असायचे. कुलपाची किल्ली माझ्या पर्समध्ये. पहिल्याच सकाळी उघडून बघते तर सात नंबरचं सुती अस्तर ओलंचिंब. बाकीचे सगळे कोरडे ठणठणीत. छत पाहिलं, एसी पाहिला, शिंप्यांवर ओरडून घेतलं. दुसरं कोरडं अस्तर घातलं आणि सूटची चेन माझ्या हाताने, माझ्या टाक्याने शिवून टाकली.

दुसऱ्या दिवशी टाके जसेच्या तसे... आणि अस्तर पुन्हा ओलं. जीभ लावून पाहिली. खारट.

मग ते टेबलावर पसरलं. पाठीवर, डाव्या खांद्याच्या खाली, तळहाताएवढा भाग कोरडा होता. आमच्या धंद्यात कोणाला कुठे घाम येतो ते तोंडपाठ असतं. मंजण्णाला एका आगीच्या स्टंटमध्ये नेमकं तिथेच भाजलं होतं. भाजलेल्या कातडीला घाम येत नाही.

मी स्टूल ओढून बसले. मग उठून हेल्मेटचा फॅन लावून पाहिला. अजून बंदच. तो कुणी दुरुस्तही केला नव्हता.

लाइन प्रोड्युसर रोहन, पुण्याचा, त्याला बोलावून सगळं सांगितलं.

"ताई, सिरियसली? स्पेसशिपमध्ये भूत? डिरेक्टरला बोलू नका, स्क्रिप्टमध्ये घालतील."

"भूत राहू दे. फॅन बदल. आज प्रदीप हा सूट घालणार आहे."

प्रदीप म्हणजे नवा डुप्लिकेट.

"फॅन बाहेरून येतात. तीन आठवडे तरी लागतील."

"मग तीन आठवडे थांबा."

"ताई, जोक करताय का?"

तेवढ्यात बातमी सेटवर पसरली आणि सूटला हात लावायला कोणी तयार होईना. मग मात्र प्रॉडक्शन हललं. पुजारी आले. सूटला हळदकुंकू, बुटांखाली लिंबं. मेकिंगचा कॅमेरा सगळं टिपत होता आणि पब्लिसिटीवाला नाचत होता, "सूपर कंटेंट!" नारळ अर्ध्या तासात आला. फॅनला तीन आठवडे.

प्रदीपने सूटला हात जोडले. मी त्याला बाजूला घेतलं, म्हटलं, फॅन बंद आहे, घालू नकोस.

"पूजे आयतल्ला, अक्का," तो हसला. पूजा झाली ना, आता कसली भीती!

त्याने एक पाय आत घातलासुद्धा.

"पाय काढ," मी म्हटलं. आणि कात्री घेऊन तो सूट गळ्यापासून खालपर्यंत उभा कापला.

"हे काय केलंत!" रोहन किंचाळला.

"फाटला. लिहून घे."

संध्याकाळी मला घरी पाठवलं, कायमचं. तीन आठवडे लागणारा फॅन नव्या सूटसकट चौथ्या दिवशी आला. प्रदीपचा फोन आला होता, "अक्का, मस्त हवा येते." म्हणजे मंजण्णाच्या वेळीही येऊ शकली असती.

नवरा म्हणतो, दमट हवा असणार. मग तेवढाच तुकडा कोरडा का, असं विचारलं की पेपर उघडतो.

रविवारी येलहंक्याला शोभाकडे गेले. फॅन बंद होता आणि मी आधी सही केलेला कागद खोटा होता, असं इंग्लिशमध्ये टाइप करून नेलं होतं. तिने उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं.

"कंपनीने दिलेला कागदही इंग्लिशच होता," ती म्हणाली. "कन्नडमध्ये लिहा. मला स्वतःला वाचता आलं पाहिजे."

चोवीस वर्षं या गावात काढून मला कन्नड फक्त बोलता येतं. तिने समोर बसून एकेक अक्षर काढून दाखवलं आणि मी पहिलीतल्या पोरीसारखी गिरवत गेले. दोन तास लागले. तिने पाणी विचारलं नाही, मीही मागितलं नाही.

सूट ओला व्हायचा तेही सांगितलं. तिने कागदावर हात ठेवला. मग म्हणाली, "ते यात नको, अक्का. वकील हसेल. फॅनचं तेवढं लिहा."

तेवढंच लिहिलं आणि सही केली. तो घाम कुठून आला, कसा आला, मला आजही सांगता येत नाही. त्या कागदावर त्याला जागा नव्हती, म्हणून इथे लिहिलं.