लाल झेंडी माझ्या मांडीवर

बावन्नाव्या वर्षी मी गाडी शिकले आणि नवऱ्याला शेजारी बसवून वारणानगरला बहिणीकडे निघाले. इतक्या लांब पहिल्यांदाच! आमचे हे वाटभर पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होते.

पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. अर्धा रस्ता खणलेला, मध्येच वळण, त्यामुळे एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडत होते. आमच्या बाजूने सोडलेली शेवटची गाडी माझी. कामावरच्या माणसाने काचेतून लाल झेंडी माझ्या मांडीवर ठेवली.

"पलीकडच्या गड्याला ही द्या. ही हातात पडली की मगच तो तिकडच्या गाड्या सोडतोय. फोनला रेंज न्हाय हितं."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! झेंडी म्हणजे मी. काटा वीसच्या वर जाऊ दिला नाही. तेवढ्यात आरशात दिसलं, दुधाच्या किटल्या लावलेला एक मोटारसायकलवाला रस्ता अडवायला लावलेल्या पिंपांच्या फटीतून घुसून माझ्या मागे येतोय. वळणावर त्याची गाडी खडीत रुतली. तो पाय टेकून ती ओढत होता, मग दिसेनासा झाला.

पलीकडे झेंडीसाठी हात पुढे आला. समोर दोन डंपर, त्यांच्यामागे बस, सगळ्यांची इंजिनं चालू. डंपर सुटला असता, तर त्या वळणावर दूधवाल्याला अंग चोरायलाही जागा नव्हती. मी गाडी अरुंद रस्त्याच्या तोंडावरच उभी केली आणि झेंडी पदराखाली घेतली.

"मागं दूधवाला ऱ्हायलाय. तो आल्याबिगर देणार न्हाय!"

हॉर्नचा नुसता गोंगाट उठला. "अगं, देऊन टाक की," हे म्हणाले. मी काच वर केली. खरं सांगते, मजा येत होती.

एकदाचा तो धुळीतून आला. माझ्या गाडीमागे अडकला, तसा उतरून पुढे आला आणि ह्यांच्या काचेवर थाप मारून ओरडला, "ओ पावणं, बाईच्या हातात गाडी कशाला दिली? वाट अडवून बसल्यात! दूध नासाय लागलंय माझं!"

मी तोंड उघडणारच होते.

"तिच्या हातात हुती म्हणून वाचलासा," हे म्हणाले. "थांबा आता गप मागं."

मी झेंडी दिली. आनंदाच्या भरात क्लच सोडला आणि गाडी तिथंच बंद पडली.