क्लचचा स्विच आणि तो रविवार

माझा भुताखेतांवर काडीचाही विश्वास नाही. देवाला नमस्कार करतो तोही आईच्या धाकाने. तरीही हे लिहितोय, कारण पोटात ठेवून ठेवून आता जड झालंय...

मी काळाचौकीला राहतो. नितीन माझा शाळेपासूनचा मित्र, जवळच त्याचं गॅरेज. त्याची आई लवकर गेली, तेव्हापासून दर रविवारी तो आमच्याकडे जेवतो. गेल्या वर्षी माझ्या जुन्या बाईकचा सेल्फ लागेना. नितीन म्हणाला, "क्लचचा स्विच गेलाय रे. नवीन टाकतो. गाडी गिअरमध्ये असली की क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरत नाही, तो या स्विचमुळे. घरात पोर आहे ना तुझ्या?"

मी निर्धास्त झालो. क्लच दाबूनच सेल्फ मारायची मला सवय, त्यामुळे कधी शंकाही आली नाही.

एका रविवारी सकाळी चाळीच्या चौकात गाडी पुसत होतो. जागा उताराची, म्हणून साइड स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये. पुढच्या चाकासमोर हातभर अंतरावर आई पाटावर बसून मेथी निवडत होती. चावी चालू राहिली, चूक माझीच. माझी सहा वर्षांची मुलगी सीटवर चढली आणि सेल्फचं बटण दाबत सुटली. पाच-सहा वेळा तरी दाबलं असेल.

"गो चेडवा, उतर खाली, पडशीत!" आई ओरडली.

गाडी हललीसुद्धा नाही. मी हसून म्हटलं, "दाब किती दाबायचं ते, नितीनकाकाने स्विच टाकलाय!" तिला उतरवलं, क्लच धरून बटण दाबलं — पहिल्या झटक्यात चालू.

दोन महिन्यांनी परळला क्लचची केबल तुटली. तिथल्या मेकॅनिकने लिव्हर उघडली आणि म्हणाला, "साहेब, इथे स्विचच नाय. दोन वायरी जोडून डायरेक्ट केलंय."

वायरींवरची टेप जुनी, धूळ बसून कडक झालेली; म्हणजे हा जोड त्या रविवारच्याही आधीचा. त्याने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि क्लच न धरता बटण दाबलं. गाडीने वीतभर उडी मारली. मी पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा उडी. दहा वेळा दाबलं, दहाही वेळा उडी. वायर सैल म्हणावी तर एकदा तरी चुकायला हवी होती.

तसाच गॅरेजवर गेलो. नितीन हात पुसत म्हणाला, "पार्ट मिळत नव्हता रे. सगळेच डायरेक्ट करतात. झालं का काही? नाय ना?"

त्या सकाळी गाडी का अडली, हे मला आजही माहीत नाही. बॅटरी ठीक, गिअर पडलेला, वायरी जोडलेल्या... कुणाला कळलं तर सांगा.

पण मला छळतं ते वेगळंच. त्याच रविवारी दुपारी नितीन आमच्याकडे जेवायला होता. मेथीचीच भाजी होती. मी कौतुकाने सगळा प्रसंग सांगितला — आई कुठे बसली होती, पोरीने किती वेळा बटण दाबलं, त्याच्या स्विचने कसं वाचवलं. त्याचा घास हातातच राहिला. तो आईकडे बघत राहिला.

"तुका आणखी भात व्हयो?" आईने विचारलं.

तो "हो" म्हणाला, आणि मान खाली घालून जेवला.