मनकर्णाबाईची संक्रांतीची मंदी

सोनाळ्याच्या मनकर्णाबाईला कुणी घाई केली की तिचं डोकं फिरायचं. आणि त्या दिवशी शेगावच्या कापूसबाजारात दीर हिंमतराव नुसती घाईच करत होता.

भाव पडायची धास्ती असली की लोक 'मंदी' घेत. अडत्याला आधी नजराणा द्यायचा आणि चिठ्ठी लिहून घ्यायची. मग ठरल्या मुदतीपर्यंत बाजार कितीही पडो, आजच्या भावानं माल त्यानं घ्यायलाच पाहिजे. दिवाळीच्या मुदतीची मंदी खंडीमागे दोन रुपये, संक्रांतीची पाच. अख्खा बाजार दिवाळीचीच घेई. लुगडी दिवाळीला, जावई दिवाळीला, मग मंदीची मुदत दुसरी कशाला!

"वयनी, दोनात काम होते. पाच काऊन फेकता?"

बाईनं ओच्यातून हिरवं बोंड काढून अडत्या किसनरावाच्या गादीवर आपटलं. आदल्या दिवशी, पहिल्या वेचणीआधी सीतादहीच्या पूजेचा दहीभात शेतात शिंपडताना तिनं झाड न् झाड चाचपलं होतं. पेरणी उशिराची, दहातली दोन बोंडं फुटलेली.

"हे दिवाळीले फुटते काय, भाऊजी? कापूस झाडावर अन् मुदत खलास, तं ते मंदी काय चाटाची हाय? मले संक्रांतीची पाह्यजे!"

गादीवरचे सगळे हसले. हसोत! तीन उन्हाळे खपून तिनं विहीर पाण्यापर्यंत खोदली होती. यंदा कापसाच्या पैशातून दगडी बांधकाम झालं नाही, तर पावसात ती ढासळणार होती.

दिवाळीला भाव उलटा चढला. हिंमतराव भेटेल त्याला वयनीच्या पाच रुपयांची गोष्ट सांगे. बाई रात्री गुपचूप चिठ्ठी काढून चाचपे, पण चुकले म्हणून कबूल करेल ती मनकर्णा कसली!

पौषात मुंबईची तार आली आणि बाजार धाडकन कोसळला. दिवाळीच्या चिठ्ठ्या केव्हाच रद्दी झालेल्या. बाईनं गाड्या भरल्या, कासरा स्वतः धरला आणि दोन दिवसांची वाट तुडवून भोगीच्या सकाळी ती शेगावात हजर!

किसनरावानं चिठ्ठी उलटीसुलटी केली. "सण होऊ द्या बाई, मंग घेतो माल."

"सण झाल्यावर? मुदत सरल्यावर? मले काय येडी समजले? मापाड्याले बोलवा, आत्ताच तोला!"

बाजार गोळा झाला. लिहिलेलं नाकारायची सोय नव्हती. काटा हलला, आणि आनंदाच्या भरात बाईनं चिठ्ठीवर अंगठा दोनदा उमटवला. झाली! विहीर झाली!

हिंमतराव आपल्या भरल्या गाडीजवळ उभा होता. त्याची बोंडंही दिवाळीनंतरच फुटली होती, आणि दोन रुपयांची मंदी दिवाळीलाच संपली होती.

"भाऊजी, विहीर बांधली का तुमच्या वावरातही पाणी सोडतो," बाई म्हणाली. "पण पुढच्या साली आधी बोंडं पाहा, मंग दिवाळी."