सल्लागारसाहेबांबरोबर पलूसपर्यंत

पुण्यातून निघालो तेव्हा डिकीत प्रोजेक्टर, घडीचा पडदा आणि दोन स्पीकर होते, आणि शेजारच्या सीटवर तोमाश. तोमाश मूळचा चेक. नऊ-दहा वर्षं पुण्यात जर्मन शिकवतो. मराठी बोलतो, पण प्रत्येक शब्द हातात घेऊन, उलटसुलट पाहून मग खाली ठेवल्यासारखं. आमच्या सिनेमात त्यानं परदेशी सल्लागाराचं काम केलं होतं. ऊसपट्ट्यातला एक पुढारी निवडणूक जिंकायला परदेशातून सल्लागार मागवतो आणि तो माणूस इथलं काही ठाऊक नसताना सगळ्या तालुक्याला नाचवतो, अशी गोष्ट. संवाद माझे. शहरात लोक हसले, पण दोन आठवड्यांत थिएटरवाल्यांनी सिनेमा उतरवला. निर्माता म्हणाला, "ज्यांच्यावर काढलाय त्यांना तरी दाखवून या." साठी उलटल्यावर गावोगाव पडदे बांधत फिरायची हौस मला नव्हती. पण नाही म्हणून वाद घालायचाही कंटाळा आला होता.

पहिला मुक्काम मेढा. साताऱ्याहून डोंगराकडे वळलं की रस्ता अरुंद होतो आणि हवा एकदम गार. भाताची खाचरं कापून रिकामी झाली होती. मंगल कार्यालयात खुर्च्या शंभर मांडलेल्या, माणसं पंचवीसेक. अर्ध्यात पडद्याची एक दोरी सुटली आणि तोमाशचा चेहरा हनुवटीपासून लांबत लांबत घोड्यासारखा झाला. संध्याकाळभरात लोक हसले ते तेवढंच. शेवटी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पुढे आले. त्यांनी तोमाशला नीट न्याहाळलं आणि मला विचारलं, "ह्यो खरा सल्लागार हाय का?"

"नाही आजोबा, नट आहे."

"मग खरा कुठं हाय?"

रात्री नाचणीची भाकरी आणि पिठलं खाल्लं. तोमाश तिसरी भाकरी मागत होता, मी पाठ शेकत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी कोरेगाव. बाजाराचा दिवस असल्यामुळे गाडी लावायलाच अर्धा तास गेला. इथं गर्दी बरी होती. पंचायत समितीच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या आणि पांढऱ्या कपड्यातली बरीच मंडळी पुढच्या रांगेत बसली होती. आमच्या सिनेमात रडण्याचा एक सीन आहे. सल्लागार पुढाऱ्याला त्याच्या मेलेल्या आईच्या फोटोशेजारी बसवतो आणि शिकवतो, "तिसऱ्या वाक्यावर थांबा. चष्मा काढा. फोटोकडे बघा. आता रडा." पुण्यात या सीनला लोक खुर्चीत लवंडायचे. कोरेगावात कोणी हूं की चूं केलं नाही. सगळे मन लावून बघत होते. दोघांनी मोबाईल वर धरले होते. सीन संपल्यावर मागून आवाज आला, "तेवढं परत दावा की, गड्या."

परत दाखवलं. मला वाटलं, आवडलं असेल. जेवताना वाघ्या घेवड्याची आमटी वाढली होती. (या घेवड्याच्या दाण्यावर वाघासारखे पट्टे असतात.) आमटी उत्तम होती. मी मात्र आमटीपेक्षा स्वतःवरच जास्त खूश होतो, हे आता कबूल करतो.

तिथून रहिमतपूर, पुसेसावळी, कडेगाव करत पलूस. वाटेत उसानं भरलेल्या जोडट्रॉल्या रस्ता अडवून चाललेल्या. त्यांच्या मागून वीसच्या वेगानं जाताना माझी मान आखडली. पलूस जवळ आलं तशा द्राक्षबागा लागल्या. खेळ संध्याकाळी झाला, हॉल भरला होता, आणि इथंही रडण्याच्या सीनला तीच शांतता. पडदा उतरवत होतो तेव्हा पन्नाशीचे एक गृहस्थ आले. त्यांचं नाव विलासअण्णा. माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करून ते सरळ तोमाशकडे गेले.

"सायेब, आज जेवायला आमच्याकडं. मुक्काम बी तिथंच."

तोमाश म्हणाला, "मी नट आहे. सल्लागार नाही."

"व्हय, व्हय," अण्णा म्हणाले. "कळलं."

काय कळलं ते त्यांच्या घरी गेल्यावर समजलं. त्यांचा गण (पंचायत समितीचा मतदारसंघ) यंदा बायकांसाठी राखीव झाला होता. अण्णा वीस वर्षं ज्या जागेसाठी थांबले होते, तिथं त्यांच्या बायकोला उभं राहावं लागणार होतं. अर्ज भरायची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी संपत होती. अण्णा तोमाशला मतदारांच्या याद्या, भावक्या, वाड्यावस्त्या समजावून सांगत होते. तोमाश दर थोड्या वेळानं "मी जर्मन शिकवतो" म्हणत होता, आणि अण्णा दर वेळी हसून त्याच्या पाठीवर थाप मारत होते.

उमेदवार आतून वाढत होती. शालनवहिनी. उंच, काटक बाई. माहेर जतकडचं, वडील मेंढरं राखायचे, भावानं पुढे शेती केली. त्यांनी आम्हाला माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) दिलं. तोमाशनं वाटी दोनदा भरून घेतली तेव्हा त्या प्रथमच बोलल्या. "आमच्या संपतला बी लय आवडायचं." संपत म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. शेती सांभाळून गावात वायरमनच्या हाताखाली काम करायचा. दोन वर्षांपूर्वी खांबावर चढला असताना कुणीतरी खालून लाईन चालू केली.

सकाळी चहा घेऊन ओसरीवर आलो तर तयारी झालेली. प्लास्टिकची खुर्ची, समोर तिकाटण्यावर मोबाईल, आणि खुर्चीशेजारी स्टुलावर हार घातलेला एका तरण्या मुलाचा फोटो. शालनवहिनी नवी साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या. अण्णा तोमाशला म्हणाले, "सायेब, तुमी फकस्त हातानं खूण करा. तिसऱ्या वाक्यावर थांबायचं ना?"

तोमाशनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. तो माझ्याकडे बघू लागला. बोलायचं मलाच होतं. मी म्हणालो, "अण्णा, ते सिनेमात चेष्टेनं दाखवलंय. असं करू नये म्हणून."

"आवं सर, चेष्टा असंल," अण्णा समजुतीनं म्हणाले, "पर कोरेगावच्या पावण्यानं मला परवाच त्यो सीन पाठवला. बगून आमच्या आईचं डोळं भरलं. चालतंय म्हणजे चालतंय."

मग वहिनी माझ्याकडे वळल्या. आवाज जराही चढलेला नव्हता. "हे रडायचं तुमी लिवलं?"

"हो."

"तुमचं कोण गेलं हुतं?"

"कोणी नाही. लोकांनी हसावं म्हणून लिहिलं."

"हसली का लोकं?"

"पुण्यात हसली."

"आन हितं?"

इथं कोणी हसलं नाही, हे त्यांनाही माहीत होतं. त्याही हॉलमध्ये होत्या.

त्या उठल्या. फोटोवरचा हार सारखा केला, फोटो उचलला आणि आत नेऊन ठेवला. बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "मला ह्या वक्ताला कुणी इचारलं न्हाई, उभं ऱ्हायचं का म्हणून."

अण्णा म्हणाले, "अगं, आता येळ हाय का इचारायची?"

"येळ हाय. दुपारपतुर हाय." त्यांनी मोबाईल तिकाटण्यावरून काढून अण्णांच्या हातात दिला. "मी उभी ऱ्हाते. संपत खांबावरनं पडून गेला, तरी हितं बी वायरमनच्या हाताखालच्या पोरांना आजून हातमोजं न्हाईत, पट्टा न्हाई. मला त्ये इचारायचंय. घरोघरी जाऊन इचारीन. पर त्याच्या नावानं कॅमेऱ्यापुढं रडायचं आसंल, तर सही करत न्हाई."

अण्णा खूप वेळ अंगणात फेऱ्या मारत राहिले. एकदा ओरडले, एकदा विनवणी केली, एकदा तोमाशला म्हणाले, "सायेब, तुमी तरी सांगा." तोमाशनं शब्द जुळवायला वेळ घेतला. "ताई बरोबर आहेत," तो म्हणाला. "आणि मी खरंच जर्मन शिकवतो."

शेवटी अण्णांनी व्हिडिओचा हट्ट सोडला, तेव्हा साडेबाराला वहिनींनी सही केली. गाडीत बसून त्या अर्ज भरायला गेल्या, मागे अण्णा फुगलेल्या गालांनी. आम्हाला निरोप द्यायला कोणी उरलं नव्हतं. म्हणून आम्हीच दार लोटून घेतलं आणि निघालो.

भिलवडीवरून सांगली गाठली. सांगलीत शेवटचा खेळ होता. लॅपटॉप उघडून मी तोमाशला म्हणालो, "तो सीन आज दाखवायचा नाही."

"तो माझा सगळ्यात चांगला सीन आहे."

"माझाही."

त्यानं पुढे वाद घातला नाही. मी सीन काढला. सांगलीकरांना काही फरक पडला नाही. जिथं हसायचं तिथं हसले, मध्येच उठून भडंग घ्यायला गेले, परत आले. खेळानंतर एका प्राध्यापकांनी सिनेमा धारदार असल्याचं सांगितलं. मला बसायला खुर्ची हवी होती.

परतीच्या वाटेवर कराडला चहाला थांबलो तेव्हा तोमाशनं विचारलं, "आपण काय दाखवायला आलो होतो?" मी म्हणालो, चहा पिऊ दे.

निकालाच्या दिवशी मी पुण्यात घरी होतो. फोन शालनवहिनींनीच केला. पडल्या होत्या, फार नाही, थोडक्यात. घरोघरी फिरल्या, वायरमनच्या हाताखालची पोरं स्वतःहून त्यांच्याबरोबर फिरली. मी विचारलं, मग कमी कुठं पडलं?

"समोरच्या बाईनं सासऱ्याच्या फोटोपुढं रडायचा व्हिडिओ काढला," त्या म्हणाल्या. "लय चालला. ती माणसं बी त्या दिवशी हॉलात हुती. आमच्या मागच्याच रांगेत."

सांगलीत मी सीन काढला त्याचं मला थोडं समाधान होतं, तेही त्या क्षणी गेलं. काढायचा तिथं काढला नव्हता, आणि काढला तिथं गरज नव्हती.

त्यांनाच माझी कीव आली असावी. म्हणाल्या, "जिवाला लावून घिऊ नका. मी परत उभी ऱ्हानार हाय. अण्णांनी बी आता कबूल केलंय. तुमी एवढंच करा, सर. फुडचा सिनेमा लिवाल तवा आदी आमच्याकडं येऊन वाचून दावा. तुमच्याकडं लोकं हसत्यात. हितं लोकं लिवून घेत्यात."