लहानपणाच्या रकान्यात दोन

माणसं चाळून बघतात म्हणून तुरुंगातल्या कैद्यांनी आमच्या बाईंचं नाव चाळणीबाई ठेवलं होतं आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. "ठेवू देत की," त्या म्हणायच्या, "निदान कपडे धोपटायची मोगरी तरी म्हणत नाहीत." बाई तिथल्या मानसशास्त्रज्ञ. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा नुकतीच शिकून आलेली, डोक्यात पुस्तकं आणि जिभेवर मोठे मोठे शब्द. बाई बुटक्या, एका गुडघ्याने अधू. घरी ऐकू न येणारे वडील, त्यामुळे घरात ओरडून बोलायचं आणि कामावर इतकं हळू, की समोरच्याला पुढे झुकून ऐकावं लागायचं. मला आधी वाटलं, ही काहीतरी खुबी असणार. विचारलं तर म्हणाल्या, "घसा बसतो गं. दुसरं काय!"

बाई काय काम करतात हे कळलं की लोक हटकून एकच प्रश्न विचारायचे. सायकोपॅथ माणूस डोळ्यांवरून ओळखू येतो का हो? बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "डोळ्यांवरून चष्म्याचा नंबर कळतो. तोही डोळ्यांच्या डॉक्टरला." शेजारची एक बाई आपल्या सासूला हा शब्द चिकटवून बसली होती, तिला म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई खडूस आहेत. त्यावर आमच्याकडे काही नाही." हा शब्द कुणी सैल तोंडाने वापरला की त्यांचं टाळकंच फिरायचं. आता माझंही फिरतं.

कारण तो शब्द असा घटकाभराच्या गप्पांत कुणाला लावता येत नाही. आमच्याकडे त्याची एक ठरलेली पद्धत आहे. वीसेक मुद्दे असतात. माणूस सराईतपणे खोटं बोलतो का, केल्याचं त्याला काही वाटतं का, दुसऱ्याच्या जिवावर जगतो का, लहानपणापासून वागणं कसं होतं, असे. प्रत्येकाला शून्य, एक नाहीतर दोन. कैद्याने स्वतः काही भरायचं नसतं. त्याच्याशी तासन्‌तास बोलायचं, आणि तो जे सांगेल ते जुन्या कागदांशी आणि घरच्यांच्या बोलण्याशी ताडून बघायचं. ज्याचा पडताळा मिळत नाही तो रकाना रिकामा सोडायचा, अंदाजाने काही ठोकून द्यायचं नाही. आम्ही दोघी दोन वेगळ्या खोल्यांत बसून आकडे भरायचो आणि मग कागद शेजारी शेजारी ठेवायचो. आकडे जुळले तर ठीक, नाहीतर जुंपायची.

बाईंचं स्वतःचं असं एकच सूत्र होतं. आधी घर, मग माणूस. कैद्याला भेटण्यापूर्वी त्या त्याच्या घरी जाऊन यायच्या. म्हणायच्या, "आधी माणूस भेटला तर तोच आपल्याला घर दाखवतो."

मास्तरची फाइल आली तेव्हाही तसंच केलं. तुरुंगात त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण तो निरक्षर कैद्यांना वाचायला शिकवायचा. धंद्यातल्या भागीदाराचं गोदाम त्याने पेटवलं होतं आणि आत झोपलेला वॉचमन जळून मेला होता. आता शिक्षेचा मोठा भाग संपला होता आणि लवकर सुटका द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या मंडळाकडे त्याचा अर्ज होता. एकदा पूर्वीही त्याने अर्ज केला होता. तेव्हा बाईंच्या आधीच्या साहेबांनी त्याला तपासलं होतं, आणि तो फेटाळला गेला होता तो निव्वळ शिक्षा फार थोडी भोगून झाली होती म्हणून. आता मात्र सगळं आमच्या अहवालावर अडलं होतं.

आम्ही त्याच्या घरी गेलो. जिन्याच्या टोकाला दोन खोल्या, तिथे म्हातारी आई आणि धाकटी बहीण. आई पलंगावर बसलेली, तिच्या हाताशी फोन, कारण दर आठवड्याला त्याचा फोन यायचा आणि तो चुकला तर तिचा जीव जायचा. लेकाचं कौतुक करता करता तिला दम लागला. "अहो, या धाकटीचा जीव त्याने वाचवलाय! गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत पडली होती ही, एवढीशी होती. ह्यानेच ओढून काढली, केस पुसले, खाली घेऊन आला. सगळी बिल्डिंग जमा झाली होती त्याचं कौतुक करायला. असं पोर कुणाला मारेल होय?"

धाकटी खिडकीपाशी उभी होती. ती नुसती मान हलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती काम करते त्या लाँड्रीत गेलो. मागच्या खोलीत वाफ, लांबच लांब टेबल, ढीगभर शर्ट. धाकटी इस्त्री करता करता बोलली. आमच्याकडे तिने एकदाही बघितलं नाही.

"मी पडले नव्हते. टाकीत मांजराचं पिल्लू आहे म्हणाला. मी वाकले, त्याने ढकललं आणि झाकण लावून वर बसला. पाणी इथपर्यंत होतं." तिने हात छातीशी नेला. "भांडण झालं नव्हतं, चिडलाही नव्हता. वरून विचारत होता, आता कसं वाटतंय? अंधारात काय दिसतं? भीती पोटात वाटते का घशात? मी रडले की म्हणायचा, रडू नको, नीट सांग. आईने खालून हाक मारली तेव्हा झाकण उघडलं."

"आईंना सांगितलं नाही कधी?" मी विचारलं.

"सांगितलं ना. आईने माझ्या मुस्काटात मारली. जीव वाचवणाऱ्या भावावर आळ घेते म्हणून."

मग तिने इस्त्री उभी ठेवली आणि बाईंचा हात धरला. "तो सुटला की ह्याच घरी येणार. आईला सोडून मला कुठे जाता येत नाही, आणि आई ते घर सोडणार नाही. मी बोलले हे त्याला कळता कामा नये."

"तुझं नाव कुठेही येणार नाही," बाई म्हणाल्या. "हा प्रसंगही येणार नाही. माझा शब्द."

त्यानंतर मास्तरला भेटलो. खोलीत जमिनीला ठोकलेलं टेबल, खडखडणारा पंखा आणि समोर हा नीटस, हसरा माणूस. गुन्ह्याबद्दल बोलताना त्याचे डोळे वाहू लागले. मला खरंच वाईट वाटलं. बाईंनी तेवढ्याच हळू आवाजात विचारलं, "त्या वॉचमनच्या घरी कोण कोण असतं?" "माहीत नाही," मास्तर म्हणाला. इतकी वर्षं त्याच्यासाठी रडणाऱ्याला ते माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावंसं कधी वाटलंही नव्हतं. त्याने गाल पुसले आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेला. डोळे एवढ्या लवकर कोरडे झालेले मी कुणाचे पाहिले नाहीत.

आम्ही आपापल्या खोलीत जाऊन आकडे भरले. कागद जवळ ठेवले तर बहुतेक सगळे जुळत होते. फक्त लहानपणाच्या वागण्याचा रकाना माझ्याकडे रिकामा होता आणि बाईंनी तिथे दोन दिले होते.

"बाई, रिकामा सोडा," मी म्हटलं. "ती आपल्याशी बोललीच नाही असं समजा."

"जे कळलं ते कळलंच नाही असं कसं लिहू?" त्या म्हणाल्या. "आणि हे दोन गेले तर बेरीज मंडळाने ठरवलेल्या रेषेखाली येते. तो सुटून सरळ त्या पोरीच्याच घरी जाईल. कुठे काही लिहिलेलं नाही, नुसता आकडा आहे. आकड्याला काय तोंड असतं?"

मी भांडले. चांगलीच भांडले. पण सही त्यांची होती. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनातही तो सुटायला नको होता, त्यामुळे माझ्या भांडणात म्हणावा तसा जोर नव्हता. अहवाल गेला, मंडळाने अर्ज फेटाळला. त्या दिवशी बाईंनी डबा खाली बसून खाल्ला, एरवी त्या उभ्या उभ्याच खायच्या.

आमच्याकडे नियम आहे की अहवालाची प्रत कैद्याच्या वकिलाला मिळते, आणि कैद्याला हवं असेल तर निष्कर्ष समजावून सांगायचा. मास्तरला हवं होतं. तो आला, नमस्कार करून बसला आणि दोन कागद शेजारी शेजारी मांडले. एक आमचा, एक जुन्या साहेबांचा.

"तुमच्याबद्दल तक्रार नाही मॅडम," तो म्हणाला. "बाकीचे आकडे थोडे इकडेतिकडे झालेत, ते मी समजू शकतो. माणूस आत राहून बदलतो. पण हे बघा, लहानपणाचं वागणं. साहेबांनी शून्य दिलंय, तुम्ही दोन. आता तुरुंगात बसून माझं लहानपण तर बदललं नसेल ना?"

बाईंनी दोन्ही कागद जवळ ओढून तो रकाना पाहिला. 

"म्हणजे कुणीतरी नवीन बोललं," तो शांतपणे म्हणाला. "शाळेतले गुरुजी केव्हाच वारले. आई तर असं काही बोलायची नाही. मग राहिलं कोण?" एवढं म्हणून तो छान हसला. "धाकटी बरी आहे ना? फार काम करते हो ती."

शिपाई त्याला घेऊन गेला. बाई तशाच बसून होत्या. माणसाला वाचण्यात ज्यांनी उभी हयात घालवली त्यांना एवढं सुचू नये, की समोरचाही आपल्याला वाचतोय? मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्याच वेळी त्यांना मिठी मारून रडावंसं वाटत होतं. आमच्या धंद्यातली माणसं आकडा लिहिला की सुटल्यासारखी होतात. तो कोण वाचणार आहे, याचा विचार आम्हाला कुणी शिकवलेलाच नाही.

"मी तिला सांगून येते," बाई उठल्या. मी म्हटलं, मीही येते.

लाँड्रीत धाकटीने सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली नाही की रडलीही नाही. फक्त म्हणाली, "तरीच."

"तरीच काय?"

"गेल्या आठवड्यापासून आईला म्हणतो, धाकटीला फोन दे. एवढ्या वर्षांत कधी माझ्याशी बोलला नव्हता. काल विचारत होता, जेवलीस का, झोप लागते का. आई तर आनंदाने रडली. म्हणाली, बघ, किती माया आहे त्याची तुझ्यावर."

बाई म्हणाल्या, "मी शब्द दिला होता तुला. चुकले मी. दुसरीकडे कुठे तुझी सोय करता येते का बघते. नवा पत्ता त्याला कुणी देणार नाही."

"आई देईल. तो मागेल आणि आई देईल." धाकटीने पुढचा शर्ट टेबलावर पसरला, कॉलर हाताने सरळ केली. "तो कधी सुटेल?"

"शिक्षा संपली की सुटेलच. त्यापुढे आम्हाला ठेवता येत नाही."

"आणि आई गेली की मला कुठेही जाता येईल." ती पहिल्यांदाच बाईंकडे बघत होती. "म्हणजे आधी काय व्हायला हवं ते बघा तुम्ही. आईला रोज मी गोळ्या देते मॅडम, वेळच्या वेळी. काल पहिल्यांदा हातात गोळी घेऊन मी थांबले. मग दिली."

बाई तिचा हात धरायला पुढे झाल्या.

"बाजूला व्हा," धाकटी म्हणाली. "इस्त्री तापलीय."